दहा बाय अकराची खोली आणि पाडव्याचे कपाट

वाचकाचे पत्र

नागपुरात मानेवाडा भागात आमची स्वतःची दोन खोल्यांची सदनिका आहे. इमारतीच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर. एका खोलीत सासूबाई असतात आणि दुसऱ्या, दहा बाय अकरा फुटांच्या खोलीत मी, माझे पती आणि आमची सहा वर्षांची मुलगी. आमच्या खोलीत सहा बाय साडेसहा फुटांचा पेटीचा पलंग, माझ्या लग्नातले लोखंडी कपाट, सासूबाईंची जुनी लोखंडी पेटी, वर्षाच्या गव्हाची कोठी, पतींची स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि मुलीचा सगळा पसारा आहे. पलंगाचे डोके पश्चिमेच्या अकरा फुटी भिंतीला लावलेले असून तो मधोमध आहे. कपाट पूर्वेच्या खिडकीसमोर आहे, उत्तरेच्या खिडकीबाहेर उन्हाळ्यात कूलर बसतो आणि दार दक्षिणेच्या भिंतीत पूर्वेच्या टोकाला आहे. कपाटावर बॅगा छतापर्यंत पोहोचल्या आहेत. गुढीपाडव्याला सुताराकडून भिंतभर, सरकत्या दारांचे कपाट करून घ्यावे असे मला वाटते. पती म्हणतात, आधी आईची पेटी हलवू; सासूबाई पेटीला हात लावू देत नाहीत. शिवाय मुलगी मोठी होते आहे. आम्ही काय करावे?

— एक वाचक, नागपूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिशा आणि मापे लिहून पाठवली, त्यामुळे तुमची खोली कागदावर आखून पाहता आली. ती आखल्यावर प्रथम एकच गोष्ट सांगावीशी वाटते. सुताराला आगाऊ रक्कम दिली नसेल तर सध्या देऊ नका. तुमच्या खोलीत कपाट कमी आहे असे मला वाटत नाही. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू सहज हाताशी येणाऱ्या जागी बसल्या आहेत आणि रोज लागणाऱ्या वस्तूंना जागाच उरलेली नाही, अशी तिची खरी अडचण आहे. हे न बदलता भिंतभर कपाट केले, तर दोन वर्षांत तेही असेच भरेल आणि बॅगा त्याच्यावर चढतील.

आधी पलंगाचा हिशेब करू. तुमच्या खोलीचे क्षेत्रफळ ११० चौरस फूट आहे आणि त्यातले ३९ चौरस फूट, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, एकटा पलंग घेतो. जी वस्तू एवढी जमीन अडवते तिच्याकडून तेवढे काम करून घेतलेच पाहिजे. पेटीच्या पलंगाची आतली खोली साधारण दहा इंच धरली, तर तुमच्या पलंगात सुमारे ३२ घनफूट जागा निघते. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि १९ इंच खोल अशा नेहमीच्या लोखंडी कपाटाचे बाहेरून मोजलेले घनफळ ३१ घनफुटांच्या आसपास भरते. म्हणजे आणखी एक आख्खे कपाट तुमच्या घरात आधीपासून आहे, तुम्ही त्यावर झोपता. पलंगात आज नेमके काय आहे हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि बहुतेक घरांत ते कोणालाच नीट सांगता येत नाही, कारण गादी उचलण्याच्या कंटाळ्याने तो वर्षानुवर्षे उघडलेलाच नसतो.

आता पलंगाची जागा. तो मधोमध असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांच्या दोन गल्ल्या उरल्या आहेत, आणि अडीच फुटांच्या गल्लीत चालण्यापलीकडे काहीही करता येत नाही. पलंग पश्चिमेच्या भिंतीलाच ठेवून पूर्ण दक्षिणेकडे सरकवला, तर त्या दोन गल्ल्यांऐवजी उत्तरेला सलग पाच फुटांचा पट्टा मोकळा होतो. दार तीन फूट रुंद आणि अगदी टोकाला आहे असे धरले, तर पलंगाची साडेसहा फूट लांबी दाराच्या चौकटीच्या अलीकडेच संपते आणि दार आतल्या बाजूला पूर्ण उघडते. तरीही पलंग हलवण्यापूर्वी टेप लावून खात्री करा. पलंगाच्या पायथ्याशी पूर्वेच्या भिंतीपर्यंत साडेतीन फूट जागा उरते, तीच तुमची जाण्यायेण्याची वाट. मुलीने दक्षिणेच्या भिंतीकडे झोपावे, म्हणजे ती रात्री पडण्याचीही भीती राहणार नाही. एका बाजूला भिंत आली की चादर घालणे थोडे जिकिरीचे होते हे मान्य आहे, पण पाच फुटांच्या बदल्यात हा सौदा मला परवडणारा वाटतो. पश्चिमेची भिंत मात्र तुमच्याकडे मे महिन्यात दुपारभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असणार. म्हणून पलंगाची पाठ भिंतीला अगदी चिकटवू नका, तीन-चार इंच फट सोडा.

मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पश्चिमेच्या भिंतीला तुमचे लोखंडी कपाट लावावे. यात दुहेरी फायदा आहे. तापणाऱ्या भिंतीचा काही भाग भरलेल्या कपाटाने झाकला जाईल आणि पूर्वेची खिडकी मोकळी होईल. ही दुसरी गोष्ट तुम्हाला कदाचित किरकोळ वाटेल, पण नागपूरच्या खोलीत ती सर्वांत महत्त्वाची आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढून आत ढकलतो. आत आलेली दमट हवा समोरून बाहेर पडली तरच गारवा टिकतो. निघायला वाट नसली की तीच दमट हवा खोलीत कोंडते, अंग चिकचिकते, आणि प्लायवूड, पुस्तके व कपडे ओलावा धरू लागतात. मागील उन्हाळ्यांत तुमचा कूलर नीट गारवा देत नव्हता अशी तक्रार असेल, तर ताटी किंवा पंप बदलण्याआधी खिडकीसमोरच्या कपाटाकडे पाहायला हवे होते. साठवणुकीसाठी खिडकी बंद करणे हा मुंबईच्या खोलीत नाइलाज असेल, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तो गैरहिशेब आहे.

कपाट ठेवताना एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात, आणि कूलर जेव्हा खिडकीच्या लोखंडी जाळीला टेकलेला असतो तेव्हा ती जाळीही तितकीच धोकादायक होते. म्हणून लोखंडी कपाट जाळीपासून दूर, पलंगाच्या बाजूला सरकवून ठेवावे, म्हणजे एक हात कपाटाला आणि दुसरा जाळीला असे कधीही होणार नाही. कपाट आणि उत्तरेची भिंत यांच्यात मग दोन फुटांची जागा उरेल. तिथे लाकडी फळ्यांचे उभे शेल्फ करावे. कूलरच्या जोडणीचे अर्थिंग तपासून घेणे आणि विजेची गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवून घेणे हे काम साठवणुकीचे नाही, पण विद्युत कारागीर घरी येणारच असेल तर करून घ्या. आणखी एक: सहा वर्षांची मुले कपाटाच्या खणांवर पाय देऊन चढतात. कपाट वरच्या बाजूने लोखंडी कोनाने भिंतीला पक्के करा आणि जड वस्तू खालच्या खणात ठेवा.

आता माळ्याकडे वळू. कपाटाची उंची साडेसहा फूट आणि छत दहा फुटांवर असेल, तर आज बॅगांनी भरलेली जागा जवळपास साडेतीन फूट उंचीची आहे. सुताराला काम द्यायचेच असेल तर ते इथे द्या. पश्चिमेच्या भिंतीवर सात फुटांपासून छतापर्यंत, पाच फूट लांब आणि दोन फूट खोल असा दारांचा माळा करून घेतला, तर आणखी ३० घनफूट जागा मिळते आणि खालची एक इंचही जमीन जात नाही. प्रवासाच्या बॅगा एकीत एक घालून तिथे ठेवा. सर्वांत मोठ्या बॅगेत बाकीच्या मावतात हे सर्वांना ठाऊक असते, तरी घरोघरी त्या शेजारीशेजारीच मांडलेल्या दिसतात.

मात्र तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहता. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, गच्चीचा स्लॅब इतका तापतो की त्याच्याखालचा बंद माळा खोलीतली सर्वांत उष्ण जागा ठरतो. औषधे, मेणबत्त्या, छायाचित्रांचे अल्बम, विजेरीचे सेल, रेग्झिनच्या पर्स आणि रबरी तळव्यांचे बूट तिथे ठेवू नयेत. रेग्झिन चिकटते आणि तळवे सुटतात. पितळेची भांडी, रिकाम्या बॅगा, दिवाळीचे आकाशकंदील, गणपतीच्या मखराचे सामान हे तिथे सुखाने राहील. माळ्याच्या दारांना वरून-खालून थोडी जाळी किंवा भोके ठेवायला सांगा.

पलंगात काय जावे, याचे उत्तर आपल्याकडच्या ऋतूंमध्ये आहे. नागपूरची थंडी फार दिवसांची नसली तरी डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, त्यामुळे रजया, दुलया आणि लोकरीचे कपडे हवेतच. आणि उरलेले आठ-नऊ महिने ते केवळ जागा अडवतात. पलंग अशाच वस्तूंसाठी आहे. होळीच्या आसपास, ऊन कडक पण हवा कोरडी असताना, रजया गच्चीवर दोन्ही बाजूंनी वाळवाव्यात. वाळल्यावर तडक घड्या घालून पेटीत कोंबू नयेत, संध्याकाळी घरात पसरून पूर्ण निवू द्याव्यात, कारण गरम कापडातली वाफ बंद पेटीत गेली की पहिल्या पावसात तीच कुबट वासाच्या रूपाने परत येते. हे काम तुम्हाला याच महिन्यात करता येईल. मृगाच्या आधी छत्र्या, रेनकोट आणि मुलीचे पावसाळी बूट बाहेर यावेत, दिवाळीनंतर रजया बाहेर येऊन कूलरची वाळलेली ताटी, पंप आणि झाकण्याचे कापड आत जावे. वर्षातून तीनदा पलंग उघडला तर तो अडगळीचा होत नाही.

हवा काढून चपट्या करणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा सध्या फार बोलबाला आहे. कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटसाठी त्या उत्तम आहेत. रुईच्या रजईसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. महिनोन्महिने दाबलेली रुई गोळा होते आणि पुन्हा पिंजून घेण्याची वेळ येते. रुईसाठी जुन्या चादरीची शिवलेली खोळ पुरे. पुठ्ठ्याची खोकी मात्र पलंगात किंवा कपाटात अजिबात नकोत. वाळवी आणि झुरळे, दोघांनाही पुठ्ठा प्रिय आहे.

पलंगाच्या झाकणाबद्दलही थोडे सांगतो, कारण ते उघडणे सोपे झाले नाही तर वरचा सगळा सल्ला कागदावरच राहील. नव्या जागी पलंगाच्या दोन बाजूंना भिंती असतील, त्यामुळे झाकण कडेने उचलता येणार नाही. ते पायथ्याकडून उघडले पाहिजे आणि पायथ्याशी साडेतीन फूट जागा त्यासाठी आहेच. दाबाच्या नळ्यांवर आपोआप उचलली जाणारी झाकणे जुन्या पलंगालाही बसवून मिळतात, परंतु नळ्यांची ताकद गादीच्या वजनाला जुळणारी हवी. रुईची जाड गादी असेल तर हलक्या नळ्या ती तोलून धरत नाहीत, आणि लहान मुलाचे बोट किंवा हात खाली सापडण्याचा धोका राहतो. माझ्या मते तुमच्यासाठी साधी, चार तुकड्यांची फळ्यांची झाकणे अधिक बरी. पायथ्याकडच्या दोन झाकणांखाली ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या वस्तू ठेवा आणि डोक्याकडच्या दोन झाकणांखाली क्वचित लागणाऱ्या. एका सहा बाय साडेसहा फुटांच्या गादीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या असतील तर एकट्या माणसालाही पलंग उघडता येतो. आणि पेटीचा तळ थेट फरशीवर टेकलेला असेल तर खाली दोन-तीन इंचांचे पाय लावून घ्या. रोजच्या पोछ्याचे पाणी प्लायवूडमध्ये शिरून तळ फुगतो, आणि वाळवी लागली तरी ती पलंग कुरतडून झाल्यावरच कळते.

सासूबाईंच्या पेटीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो मापांचा नाही. तुमच्या पतींचे म्हणणे मला पटत नाही. लोखंडी पेटीत वाळवी जात नाही, उंदीर जात नाही, ओल सहजी शिरत नाही. आज बाजारातून आणलेल्या कोणत्याही प्लास्टिकच्या डब्यापेक्षा ती चांगली साठवण आहे. तिला बाहेर काढण्यापेक्षा तिला जागा द्या. पूर्वेच्या भिंतीला, मोकळ्या झालेल्या खिडकीच्या उत्तरेकडे, जिथे पलंगाचा पायथा संपलेला असेल तिथे ती बसेल आणि कूलरच्या जाळीपासूनही दूर राहील. वर पातळ गादी आणि खोळ घातली की मुलीला बूट घालायला आणि तुम्हाला दोन मिनिटे टेकायला बैठक होईल.

राहता राहिला पेटीतल्या वस्तूंचा प्रश्न. एका दुपारी तुमच्या सासूबाईंनाच पेटी उघडायला सांगा, आणि तुम्ही व मुलगी शेजारी बसा. तुमच्या पतींनी त्या दिवशी मध्ये पडू नये हे उत्तम. काय काढू या, असे विचारू नका. कोणती वस्तू कोणाची, कोणत्या कार्यातली, असे विचारा. त्या पिढीच्या स्त्रियांना आपल्या वस्तू जाण्याचे तितके दुःख नसते जितके त्या न विचारता जाण्याचे असते. पितळेची भांडी जड असल्याने पेटी हलत नसेल, तर ती नव्या माळ्यावर किंवा पलंगाच्या डोक्याकडच्या भागात जाऊ शकतील, पण तो निर्णय त्यांच्या तोंडून यायला हवा. पेटीत करवतीच्या, टसरच्या किंवा जरीच्या साड्या निघाल्या तर त्या प्लास्टिकमध्ये ठेवू नका. धुतलेल्या मांजरपाटात किंवा मलमलीत गुंडाळा, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत दरवर्षी उलगडून घडीची जागा बदला, नाहीतर रेशीम नेमके घडीवर विरते. जरीला लोखंडाचा थेट स्पर्श नको, म्हणून पेटीच्या तळाशी आणि कडांना कापड असावे.

डांबराच्या गोळ्या अनेक घरांत अशा पेट्यांमध्ये टाकतात. तुमच्या खोलीत लहान मूल झोपते, म्हणून त्या टाळाव्यात असे मी म्हणेन. या गोळ्या मूल खाऊन टाकण्याचा धोका तर असतोच, शिवाय काही जणांच्या रक्तात जी सिक्स पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशा मुलांमध्ये या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर काही महिन्यांनी बदला. कसर लागू न देण्याचे खरे काम वस्तू स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवण्यानेच होते. पाला ही त्यात थोडी भर आहे.

गव्हाच्या कोठीबद्दल मात्र मी मोकळेपणाने बोलणार आहे. ती निजायच्या खोलीतून हलली पाहिजे, आणि याचे कारण केवळ जागा नाही. वर्षाचा गहू भरताना सोंडे होऊ नयेत म्हणून काही जण कोठीत तीव्र वासाच्या गोळ्या टाकतात. त्यांतल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन नावाचा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जातो. या गोळ्या राहत्या घरासाठी नाहीतच, त्या गोदामांसाठी आणि प्रशिक्षित माणसांच्या हातूनच वापरायच्या असतात. तुमच्याकडे कूलरमुळे खोली दमट असते, ही बाब धोका वाढवणारी आहे. तुम्ही अशी गोळी वापरत असालच असे नाही, पण धान्य देणाऱ्या दुकानदाराने किंवा नातेवाइकाने प्रेमाने दिलेली पुडी घरात असेल तर ती कोठीत टाकू नका. गहू कडक उन्हात वाळवून, निवू देऊन, एरंडेलाचा हलका हात फिरवून किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवण्याची आपली रीत घरच्या प्रमाणासाठी पुरेशी आहे. कोठीला स्वयंपाकघरात कोपरा नसेल, तर वर्षाचा गहू एकदम घेण्याऐवजी तीन-चार महिन्यांचा घ्या. एके काळी उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करण्यामागे भावाचा आणि पावसाळी रस्त्यांचा विचार होता. मानेवाड्यात आज तो उरलेला नाही. घरच्या शेतातला गहू येत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही उरलेली पोती गावीच ठेवून थोडी थोडी आणता येतात.

पतींच्या पुस्तकांसाठी त्यांना दोन फुटी शेल्फातला एक खण द्या आणि निवड त्यांनाच करू द्या. चालू घडामोडींची आणि जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तके दोन-तीन वर्षांत निरुपयोगी होतात. व्याकरणाची, इतिहासाची आणि राज्यघटनेची पुस्तके मात्र दुसऱ्याच्या कामी येतात आणि शहरातल्या अभ्यासिका अशी पुस्तके आनंदाने घेतात. दुसऱ्याची पेटी काढायला निघालेल्या माणसाने आपल्या खणापासून सुरुवात करावी, एवढा निरोप माझ्याकडून द्यायला हरकत नाही.

त्याच शेल्फाचे खालचे दोन खण मुलीचे असावेत. तिच्या कमरेच्या उंचीवर, उघडे, दार नसलेले. मुलांना झाकण उघडून वस्तू जागेवर ठेवायला सांगितले की त्या जमिनीवरच राहतात, उघड्या टोपलीत मात्र त्या भिरकावतात तरी, आणि एवढे आपल्याला पुरे. दाराच्या मागे दोन खुंट्या, एक तिच्या उंचीची आणि एक तुमची, उद्याच्या गणवेशासाठी आणि आज घालून धुवायला न टाकलेल्या कपड्यांसाठी. हे अर्धवट वापरलेले कपडेच खुर्चीवर, कपाटाच्या दारावर आणि पलंगाच्या कठड्यावर साचून खोली पसरलेली दाखवतात.

आता सुताराला काय सांगायचे ते. भिंतभर सरकत्या दारांचे कपाट तुमच्या खोलीला नको. सरकत्या दारांचा मार्ग कपाटाची तीन-चार इंच खोली खातो, एका वेळी अर्धेच कपाट उघडते, आणि ज्या पट्ट्यात पाच फूट मोकळी जागा आहे तिथे उघडणारी साधी दारे अडत नाहीत. माळा आणि शेल्फ करताना लकडगंजच्या लाकूडबाजारातून प्लायवूड घ्यायला स्वतः जा. कूलरच्या बाजूच्या शेल्फासाठी आयएस ७१० असा शिक्का असलेले, ओल सोसणारे १८ मिलिमीटरचे प्लायवूड मागा. साधे एमआर, म्हणजे फक्त हवेतला दमटपणा सोसणाऱ्या प्रतीचे त्या कोपऱ्यात टिकणार नाही आणि लाकडाच्या भुशाचे दाबलेले बोर्ड तर पहिल्याच उन्हाळ्यात कडेने फुगतील. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा येतो, तेव्हा सुताराला कापण्याचा आराखडा आधी कागदावर काढायला लावा, म्हणजे तुकडे वाया जाणार नाहीत. घडीच्या कपड्यांच्या फळ्या १४ ते १६ इंच खोल पुरतात. दोन फूट खोल फळीवर मागची रांग कोणालाच दिसत नाही आणि तीच रांग पुढे अडगळ होते. पुढेमागे हँगरचे कपाट करायचे झालेच, तर त्याची आतली खोली मात्र २२ इंचांपेक्षा कमी नसावी.

क्रम असा ठेवा की, पाडव्यापर्यंत रजया वाळवून पलंग भरायचा, तो दक्षिणेकडे सरकवायचा, कपाट व पेटी नव्या जागी लावायची आणि कोठी बाहेर न्यायची. यांपैकी कशालाही विशेष खर्च नाही. अशा मांडणीत एक उन्हाळा काढा आणि मगच माळ्याचे व शेल्फाचे काम द्या, कारण कूलर लागल्यावर हवा कुठून कशी फिरते हे पाहिल्याशिवाय भिंतीत ठोकलेली वस्तू पुढे खुपते. पाडव्याच्या मुहूर्ताची इच्छा असेल तर त्या दिवशी प्लायवूड पाहून यायला काहीच हरकत नाही.

मुलीबद्दलची तुमची चिंता रास्त आहे. चार-पाच वर्षांनी ती या पलंगावर मावणार नाही आणि बहुधा आजीच्या खोलीत झोपू लागेल. अनेक घरांत हेच होते आणि दोघींनाही ते आवडते. म्हणून शेल्फ भिंतीत कायमचे बसवू नका. ते दोन सुट्या, स्क्रूने जोडलेल्या भागांत करून घ्या आणि तिचे दोन खण ज्या भागात येतात तो भाग दारातून तसाच बाहेर निघेल इतक्या मापाचा ठेवा. आजीच्या खोलीत त्याला कोणती भिंत मिळेल ते आजच मोजून पाहा आणि सुताराला तेच माप द्या.